जोडीदाराला स्पॅनिशमध्ये लाडाने हाक कशी मारावी

पुण्यात स्पॅनिश शिकणारे बहुतेक जण नोकरी किंवा परदेशातील शिक्षण डोळ्यांसमोर ठेवून वर्गात बसतात. फर्ग्युसन रस्त्यावरचे रानडे इन्स्टिट्यूट असो वा एखादी खासगी शिकवणी, पहिल्या काही महिन्यांत स्वतःची ओळख करून देणे, रस्ता विचारणे आणि उपाहारगृहात पदार्थ मागवणे एवढे पदरी पडते. जोडीदाराला प्रेमाने काय म्हणावे, हे क्रियापदांच्या तक्त्यांमागे कुठेतरी राहून जाते. ज्यांचा जोडीदार स्पॅनिशभाषक आहे त्यांची अडचण उघड आहे. पण दोघेही मराठी असून दोघांनी मिळून ही भाषा शिकायला घेतली आहे, अशी जोडपीही आता दिसतात आणि चारचौघांत एकमेकांना हाक मारण्यासाठी त्यांनाही हे शब्द हवे असतात. (अशा जोडप्यांनी एवढे गृहीत धरावे की आपल्या सोसायटीतल्या कुणाची तरी पुतणी स्पॅनिशच्या वर्गाला जात असणारच.)

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. स्पॅनिशमधील लाडाची हाक म्हणजे प्रेमाची कबुली नव्हे. ते रोजच्या साध्या वाक्याला जोडलेले संबोधन असते. आपल्याकडे ‘अहो’, ‘अगं’, ‘ऐकलंत का’ यांवर संसार निभावतात आणि प्रेम ‘जेवलास का?’ या प्रश्नातून कळते. त्यामुळे कुणाला ‘माझ्या हृदया’ म्हणायचे तर मराठी माणसाला आपण संगीत नाटकात उभे आहोत असे वाटू लागते. स्पॅनिशभाषक घरांत मात्र ‘मीठ दे ना, कोरासोन’ किंवा ‘गॅस बंद केलास का, मि आमोर?’ ही वाक्ये काहीही विशेष न घडता बोलली जातात. हा शब्द डोळ्यांत डोळे घालून, आवाज जड करून उच्चारला की तो खोटा वाटतो. कामाच्या ओघात, वाक्याच्या शेवटी हलकेच आला की तो खरा वाटतो.

आरंभ कोणत्या शब्दांनी करावा

स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आहे आणि लाडाचे शब्द देशागणिक बदलतात. तरीही काही शब्द माद्रिदपासून ब्वेनोस आयरेसपर्यंत कुठेही चालतात. ‘मि आमोर’, म्हणजे माझे प्रेम, हा त्यांतला सर्वांत निर्धोक. ‘मि बीदा’ म्हणजे माझे आयुष्य, ‘मि सिएलो’ म्हणजे माझे आकाश, ‘कोरासोन’ म्हणजे हृदय, ‘तेसोरो’ म्हणजे खजिना. ‘कारिन्यो’ या शब्दाचा मूळ अर्थ माया किंवा जिव्हाळा असा असून स्पेनमधील जोडप्यांच्या तोंडी तो सर्रास ऐकू येतो. नवशिक्याने ‘मि आमोर’ आणि ‘कारिन्यो’ हे दोनच शब्द घ्यावेत आणि ते अंगवळणी पडेपर्यंत तिसऱ्याच्या नादी लागू नये. दहा शब्द पाठ करून रोज नवा फेकणारा माणूस प्रेमळ वाटण्याऐवजी गृहपाठ करून आल्यासारखा वाटतो.

शब्द वाक्यात कुठे बसवायचा, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही; आपण ‘बाळा’ किंवा ‘राणी’ जिथे म्हणू, तिथेच तो येतो. ‘ब्वेनोस दियास, मि आमोर’ म्हणजे सुप्रभात, ‘ग्रासियास, सिएलो’ म्हणजे धन्यवाद, ‘या येगे, आमोर’ म्हणजे पोहोचलो किंवा पोहोचले. हे शेवटचे वाक्य विशेष उपयोगी आहे, कारण घरी सुखरूप पोहोचल्याचे कळवणे ही आपल्या आणि त्यांच्या घरांतली सारखीच रीत आहे.

उच्चाराचे काम

येथे मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. स्पॅनिश त आणि द हे आपल्या दंत्य त-द प्रमाणेच जिभेचे टोक दातांना लावून उच्चारले जातात, प आणि क यांच्यामागे हकार नसतो आणि र स्पष्ट असतो. इंग्रजीभाषकांना ज्या अक्षरांवर महिनोन्महिने घाम गाळावा लागतो, ती आपल्याला आयती मिळालेली आहेत. लक्ष द्यायचे ते अन्य काही ठिकाणी.

पहिले म्हणजे ‘मि’. याचा उच्चार आपल्या ‘मी’सारखाच असला तरी अर्थ ‘माझा, माझी, माझे’ असा आहे आणि तो शब्द पुढच्या नामावर भार टाकून झटकन निघून जातो. मराठी सवयीने ‘मी’वर जोर दिला, तर वाक्याचा तोल बिघडतो. दुसरे म्हणजे ‘बीदा’. लिहिताना याचे पहिले अक्षर इंग्रजीतल्या व्ही या अक्षरासारखे असते, त्यामुळे आपण ‘विदा’ वाचतो. प्रत्यक्षात स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार ब सारखा होतो, आणि ‘मि बीदा’ असे सलग म्हणताना दोन स्वरांमध्ये सापडल्यामुळे तो आणखी सैल पडतो. ओठ एकमेकांजवळ येतात, पण पूर्ण मिटत नाहीत. त्यातला ‘द’सुद्धा तसाच सैल असतो. आरशासमोर चार-पाच वेळा म्हणून पाहिले की फरक कळतो.

‘कोरासोन’ आणि ‘सिएलो’ यांतला स लॅटिन अमेरिकेत आणि कानेरी बेटांवर आपल्या स सारखा असतो. स्पेनच्या बहुतांश भागात त्या जागी जीभ दातांमध्ये आणून काढलेला, थ च्या जवळ जाणारा ध्वनी येतो आणि ‘कोराथोन’, ‘थिएलो’ असे ऐकू येते. दोन्ही शुद्धच आहेत. आपला जोडीदार जसे बोलतो तसे बोलावे. मेक्सिकोच्या मुलीशी माद्रिदच्या उच्चारात बोलण्याचा अट्टहास करू नये.

खरी कसोटी आघाताची आहे. मराठीत कोणत्या अक्षरावर जोर दिला याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपले कान त्या बाबतीत तयार झालेले नसतात. स्पॅनिशमध्ये स्वर, न किंवा स यांनी संपणाऱ्या शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात येतो आणि इतर शब्दांत शेवटच्या. जिथे हा नियम मोडतो तिथे स्वरावर तिरकी रेघ काढतात. म्हणून ‘कारिन्यो’त जोर ‘रि’वर, ‘तेसोरो’त ‘सो’वर, ‘आमोर’मध्ये ‘मोर’वर, आणि न ने संपणाऱ्या ‘कोरासोन’मध्ये मात्र शेवटच्या ‘सोन’वर येतो, जे दाखवण्यासाठी त्यावर रेघ असते. चूक झाली तर काय होते, याचे उदाहरण द्यायचे तर ‘पापा’ हा शब्द शेवटी जोर दिल्यास वडील होतो आणि सुरुवातीला दिल्यास लॅटिन अमेरिकेत बटाटा होतो.

लिंगाचा घोळ आणि तो सोडवण्याची मराठी वाट

नवऱ्याला ‘मि बीदा’ म्हणताना पुष्कळ जण अडखळतात, कारण ‘बीदा’ हे स्त्रीलिंगी नाम आहे. तसेच बायकोला ‘कारिन्यो’ म्हणायचे की ‘कारिन्या’, असा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. उत्तर सोपे आहे: नाम आपले लिंग सोडत नाही. मराठीत आपण मुलालाही ‘माझं सोनं’ म्हणतो आणि मुलीलाही. तिच्यासाठी ‘माझी सोनं’ असे कुणी म्हणत नाही. त्याच न्यायाने ‘कारिन्यो’, ‘सिएलो’, ‘तेसोरो’, ‘आमोर’, ‘बीदा’ हे सारे शब्द पुरुषासाठी आणि स्त्रीसाठी जसेच्या तसे राहतात. ‘माझे’ हा शब्द नामानंतर ठेवून ‘बीदा मिआ’ किंवा ‘आमोर मिओ’ असेही म्हणता येते. ही रचना थोडी अधिक भावुक वाटते, आणि तिथेही ‘मिआ’ व ‘मिओ’ नामाशी जुळतात, माणसाशी नाही.

व्यक्तीचे वर्णन करणारे शब्द मात्र बदलतात. ‘ग्वापो’ म्हणजे देखणा, ‘ग्वापा’ म्हणजे देखणी. ‘मि रेइ’ म्हणजे माझ्या राजा, ‘मि रेइना’ म्हणजे माझ्या राणी. ‘केरीदो’ आणि ‘केरीदा’ म्हणजे प्रिय. या शेवटच्या जोडीबाबत सावध राहावे. पत्राच्या सुरुवातीला नावाआधी ‘केरीदा’ लिहिणे अगदी रीतसर आहे, परंतु तिसऱ्या माणसासमोर आपल्या पत्नीचा उल्लेख ‘मि केरीदा’ असा केला, तर ऐकणारा तिला विवाहबाह्य संबंधातली स्त्री समजण्याची शक्यता असते, कारण नाम म्हणून त्या शब्दाला तो अर्थ चिकटलेला आहे.

लाडिकपणा वाढवायचा असेल तर प्रत्यय लावावा. ‘आमोर’चे ‘आमोरसीतो’, ‘कोरासोन’चे ‘कोरासोनसीतो’, ‘सिएलो’चे ‘सिएलीतो’, ‘सोल’ म्हणजे सूर्य, त्याचे ‘सोलेसीतो’. मेक्सिकोत आणि अँडीज पर्वतरांगांतील देशांत हे प्रत्यय जागोजागी ऐकू येतात. स्पेनमध्ये ते जरा हात राखून वापरलेले बरे.

देश बदलला की

आतापर्यंतचे शब्द गोड होते. खरी गंमत आणि खरा धोका आहे तो पुढच्या शब्दांत. आर्जेन्टिना आणि उरुग्वेमध्ये नवरा बायकोला ‘गोर्दा’ म्हणजे जाडे, आणि बायको नवऱ्याला ‘गोर्दो’ म्हणजे जाड्या अशी हाक मारते, मग समोरची व्यक्ती काडीसारखी का असेना. ‘फ्लाको’ आणि ‘फ्लाका’ म्हणजे सडपातळ. तेही तितकेच प्रचलित. मेक्सिकोत बुटक्या प्रेयसीला ‘चापारिता’ म्हणतात, चिलीमध्ये ‘ग्वातोन’ म्हणजे ढेरपोट्या हा शब्द घरात चालतो, आणि बऱ्याच देशांत मुरलेल्या संसारातली माणसे एकमेकांना ‘बिएहो’ आणि ‘बिएहा’, म्हणजे म्हातारबा आणि म्हातारे, म्हणतात. सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्यात ‘काळ्या’, ‘ठमे’, ‘बुटक्या’ या नावांनी वाढलेल्या पिढीला यात धक्का बसण्यासारखे काही नाही. व्यंगावरून ठेवलेले नाव पुढे व्यंगाशी संबंध न ठेवता मायेचे होते, हे आपल्याला ठाऊक आहे.

मात्र हे शब्द आपण होऊन सुरू करण्याचे नाहीत. स्पेनच्या मुलीला पहिल्याच महिन्यात ‘गोर्दा’ म्हटल्यास ती ते वजनावरचे भाष्य समजू शकते आणि त्यात तिचे काही चुकणार नाही. माझे मत असे की शरीर, वय किंवा वर्ण यांवरून बनलेले कोणतेही संबोधन समोरच्याने आपल्यासाठी वापरल्यानंतरच आपण त्याच्यासाठी वापरावे, त्याआधी नाही.

‘नेग्रो’ आणि ‘नेग्रा’ यांच्या बाबतीत तर हा नियम कठोरपणे पाळावा. याचा शब्दशः अर्थ काळा आणि काळी असा आहे. रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे ब्वेनोस आयरेस आणि मोन्तेबिदेओ या शहरांत, गोऱ्या माणसालाही घरचे लोक आणि मित्र ‘नेग्रो’ म्हणतात. नोव्हेंबर 2020 मध्ये उरुग्वेचा फुटबॉलपटू एदिनसोन काबानी याने, तेव्हा तो मँचेस्टर युनायटेडकडून खेळत होता, एका परिचिताने केलेल्या अभिनंदनाला इन्स्टाग्रामवर ‘ग्रासियास नेग्रितो’ असे उत्तर दिले. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी आणि 1,00,000 पौंडांचा दंड ठोठावला. उरुग्वेच्या राष्ट्रीय साहित्य अकादमीने त्यावर जाहीर निषेध नोंदवून हा शब्द आपल्याकडे आपुलकीचा आहे असे सांगितले. दोन्ही बाजूंचे म्हणणे काहीही असो, आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाने सार्वजनिक ठिकाणी हा शब्द लिहू नये, एवढे त्यातून निश्चित घ्यावे.

कॅरिबियन भागात, म्हणजे क्युबा, पोर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताक येथे, ‘पापी’ आणि ‘मामी’ हे जोडीदारासाठीचे सामान्य शब्द आहेत. मराठी कानाला प्रियकराला बाबा म्हणणे चमत्कारिक वाटेल. मग वापरू नये. सक्ती कुणाचीच नाही. स्पेनमधील तरुण जोडप्यांत ‘चुरी’ असा एक खेळकर शब्द आहे आणि तो फक्त घरगुती गप्पांत शोभतो.

‘अहो’ आणि ‘ए’ यांच्यासारखा भेद स्पॅनिशमध्येही आहे. ‘तू’ म्हणजे अक्षरशः आपले तूच, आणि ‘उस्तेद’ म्हणजे आपण. जोडीदारासाठी सामान्यतः ‘तू’ वापरतात, आर्जेन्टिनात त्या जागी ‘बोस’ येते. पण कोलंबियात, विशेषतः बोगोता आणि आसपासच्या डोंगराळ प्रदेशात, एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणणारी जोडपी आढळतात आणि त्यात दुरावा नसतो. फरक इतकाच की आपल्या जुन्या घरांत ‘अहो’ फक्त बायकोने म्हणायचे असे, तर तिथे आदरार्थी संबोधन दोन्हीकडून चालते.

ते शब्द प्रेमाचे नसतात तेव्हा

माद्रिदच्या मंडईत भाजी घेताना विक्रेती बाई आपल्याला ‘कारिन्यो’ म्हणेल, कोलंबियात दुकानातली मुलगी ‘मि आमोर’ म्हणून सुटे पैसे परत करेल, कानेरी बेटांवर अनोळखी माणूसही ‘मि निन्यो’, म्हणजे माझ्या बाळा, म्हणून बोलायला सुरुवात करेल, स्पेनमधल्या सेव्हिया शहरात ‘मि आल्मा’ म्हणजे माझा आत्मा या शब्दांचे झिजलेले ‘मिआर्मा’ हे रूप कुणालाही उद्देशून ऐकू येईल. यांत प्रेमाचा संबंध नाही. आपल्याकडे भाजीवाली ‘घ्या ताई’ म्हणते, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा हिंजवडीच्या कार्यालयातून बोगोताच्या सहकारी स्त्रीशी बोलताना तिने ‘कोरासोन’ म्हटले, तर त्यावर मनोरे रचू नयेत आणि उलट तिला तसे म्हणूही नये.

भांडणात हेच शब्द उलटे फिरतात. ‘मिरा, ग्वापो’ हे ‘हे बघा, शहाणे’ याच चालीवर म्हटले जाते आणि तेव्हा देखणेपणाचे कौतुक चाललेले नसते. स्वर कसा आहे हे ऐकावे, शब्दकोश उघडत बसू नये.

हाकेपासून कबुलीपर्यंत

वाक्य पूर्ण करून मनातले सांगायचे असेल, तर पायऱ्या ओळखाव्यात. पहिली पायरी ‘मे गुस्तास’. याची रचना आपल्या ‘मला तू आवडतेस’ या वाक्याशी तंतोतंत जुळते: ज्याला आवडते तो ‘मला’मध्ये, आणि क्रियापद आवडणाऱ्या व्यक्तीप्रमाणे बदलते. इंग्रजीच्या माध्यमातून स्पॅनिश शिकणाऱ्यांनी या ठिकाणी इंग्रजी बाजूला ठेवावी आणि मराठीतून विचार करावा. त्यापुढची पायरी ‘ते किएरो’. हे वाक्य आईवडिलांना, जिवलग मित्रमैत्रिणींना आणि जोडीदाराला, सर्वांना म्हणता येते, आणि स्पेनमध्ये वर्षानुवर्षे संसार केलेली जोडपीही हेच म्हणतात. ‘ते आमो’ त्याहून गहिरे मानले जाते आणि मुख्यतः प्रेमिकांपुरते असते. मेक्सिकोसारख्या देशांत जोडप्यांमध्ये ते अधिक सहज येते, स्पेनमध्ये ते बऱ्याच जणांना जरा नाटकी वाटते. म्हणून माद्रिदच्या मुलाने ‘ते किएरो’ म्हटले आणि ‘ते आमो’ म्हटले नाही, तर काहीतरी हातचे राखले आहे असा निष्कर्ष काढू नये. आठवण येते हे सांगण्यासाठी स्पेनमध्ये ‘ते एचो दे मेनोस’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘ते एक्स्त्रान्यो’ म्हणतात.

संदेश पाठवताना

लिहिण्याचे नियम थोडके आहेत, पण पाळावेत. हाक मारण्याच्या शब्दाआधी स्वल्पविराम हवा, तो शब्द वाक्याच्या मध्ये आला असेल तर दोन्ही बाजूंना हवा, आणि पहिले अक्षर मोठे करण्याची गरज नाही. उद्गारवाचक आणि प्रश्नार्थक वाक्यांच्या सुरुवातीला उलटे चिन्ह येते. घाईच्या संदेशांत स्पॅनिशभाषकही ते गाळतात, त्यामुळे आपणही गाळले तर चालते. ‘कारिन्यो’तल्या न वरची नागमोडी रेघ मात्र गाळू नये. भ्रमणध्वनीवर स्पॅनिश कळफलक सुरू केला की ते अक्षर स्वतंत्र मिळते, नाहीतर एन हे अक्षर दाबून धरावे. ही सवय आताच लावून घेतली नाही, तर 31 डिसेंबरच्या रात्री ‘नववर्षाच्या शुभेच्छा’ लिहिताना तीच रेघ राहून जाईल आणि ‘वर्ष’ या शब्दाच्या जागी शरीराच्या एका अवघड भागाचे नाव जाईल. ‘ते किएरो मुचो’चे आद्याक्षरी रूप टी क्यू एम हे मित्रांनाही पाठवतात, जोडीदाराला पाठवताना पूर्ण वाक्य लिहिण्याचे कष्ट घ्यावेत.

वेळेचाही हिशेब ठेवावा. स्पेन हिवाळ्यात पुण्याच्या साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन. बोगोता वर्षभर साडेदहा तास मागे, ब्वेनोस आयरेस साडेआठ. जानेवारीत पुण्यात रात्रीचे साडेअकरा वाजले असताना माद्रिदमध्ये संध्याकाळचे सात वाजलेले असतात, आणि तिथे सातला अजून ‘ब्वेनास तार्देस’ चालू असते, रात्रीचे जेवण तर नऊच्या पुढे. तेव्हा आपण झोपायला निघालो म्हणून ‘ब्वेनास नोचेस, मि बीदा’ एवढेच लिहून फोन ठेवून देऊ नये. आधी ‘मे बोइ आ दोर्मिर, कारिन्यो’, म्हणजे मी झोपायला जातो किंवा जाते, असे कळवावे, तिचा किंवा त्याचा दिवस कसा चालला आहे हे ‘के ताल एल दिया?’ असे विचारावे, आणि उत्तरात जे संबोधन येईल ते नीट पाहून ठेवावे, कारण दुसऱ्या दिवशी आपण वापरायचा शब्द बहुधा तोच असतो.